छत्तीस झाकणं

भट्टीच्या कडीला हात लावला तर हात भाजला नाही. तेवढं निमित्त मला पुरलं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. मातीकामाच्या शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं. शेड सांभाळणारे जयवंतमामा जेवायला घरी गेले होते. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "कोठीतनं माती काडून घे आन् कुलूप लाव. दुसरीकडं कुटं हात लावू नगं." भट्टीची किल्लीही त्याच जुडग्यात होती.

भट्टीच्या बाजूला तापमान दाखवणारा काटा होता. तो तीनशेच्या थोडा वर थरथरत होता. काटा शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते माहीत नव्हतं असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण तीन वाजता चित्रकला विभागाचे प्रमुख गुर्जर सर माझं काम बघणार होते. त्यांनी प्रत्येक विभागातली एकेक पूर्ण झालेली वस्तू आणायला सांगितली होती, आणि वर्षभरात माझ्या हातून पूर्ण झालेली एकच वस्तू होती. एक चंबू. तो त्या भट्टीत होता.

मी कुलूप काढलं आणि दार वीतभर उघडलं. आतून आलेल्या झळेनं डोळे मिटले. हातात जाड मोजे चढवून, चिमट्यानं खालच्या फळीवरचा माझा चंबू बाहेर काढला. हिरवट निळा, पोटाशी जरा वाकडा. मला तो फार आवडला.

तेवढ्यात आतून आवाज आला. काचेच्या पेल्यावर नखानं टिचकी मारावी तसा. टिंग. मग वरच्या फळीवरून आणखी एक. मग दोन एकदम. इतका गोड आवाज मी त्या शेडमध्ये कधी ऐकला नव्हता. मी दार तसंच धरून ऐकत राहिले. किती वेळ, ते मला नीट सांगता येणार नाही. मग दार लावलं, कुलूप घातलं, आणि चंबू हातात धरवेल इतका निवल्यावर तो माझ्या ओढणीत गुंडाळून निघाले.

ही १९९७ च्या मार्चमधली गोष्ट. साताऱ्याच्या बाहेर, माळावर आमचं छोटंसं कला महाविद्यालय होतं. पहिलं वर्ष पायाभूत. दर तीन-चार आठवड्यांनी विभाग बदलायचा आणि वर्षाच्या शेवटी आपली शाखा निवडून अर्ज भरायचा. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांना आपण काय होणार हे दिवाळीपर्यंत कळलं होतं. माझं उलटं झालं. प्रत्येक विभागात पहिला आठवडा मी वेड्यासारखी काम करायचे. लाकूडकामात रंधा मारताना वाटलं, हेच. छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावरून पहिला कागद सोलून काढला तेव्हा अंगावर काटा आला. वाटलं, नाही, हेच. मग दुसऱ्या आठवड्यात पाय हलायला लागायचा. बसल्या जागी एक पाय आपोआप हलत राहायचा, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीत कोण काय करतंय ते बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात काम अर्धवट सोडून मोकळी. माझ्या कपाटात एका पायाचं स्टूल होतं, अर्धा विणलेला पट्टा होता, आणि ‘क’पासून ‘ढ’पर्यंतच लिहिलेली मुळाक्षरं होती.

माझे वडील दहिवडीला शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांच्या मनात मी पेंटर होणार हे मी सहावीत असतानाच ठरलं होतं. माझ्या मनात काहीच ठरत नव्हतं, म्हणून मीही पेंटर व्हायला निघाले होते.

तीन वाजता गुर्जर सरांनी माझी रेखाटनं पाहिली. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण सगळं अर्ध्यावर का?"

"हे पूर्ण आहे सर," म्हणत मी पिशवीतून चंबू काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना मी त्याचा कान धरला होता. कान माझ्या हातात राहिला. त्याच्याबरोबर पोटाचा एक तुकडाही आला. बाकीचा चंबू टेबलावर उभा राहिला आणि त्याच्या आतलं सगळं दिसायला लागलं.

सरांच्या शेजारी बसलेले दोघे हसले. सर हसले नाहीत. "हेही अर्धंच आणलंस की," एवढंच म्हणाले.

मला त्यांच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. मी तुटलेल्या कडेकडे बघत होते. कड धारदार होती, स्वच्छ, जणू कुणी कापली असावी. आणि मग मला कळलं की मघाशी मी उभी राहून काय ऐकत होते.

मी पळत शेडकडे गेले. मामा आले होते. भट्टीजवळच्या बाकावर कौसरताई बसली होती. कौसर मुजावर. कराडची, शेवटच्या वर्षाची. त्या भट्टीतलं माझा चंबू सोडून बाकी सगळं तिचं होतं. दही लावायचे झाकणवाले सट, छत्तीस. वरून बघायला साधे. पण तिचा हट्ट असा होता की कुठलंही झाकण कुठल्याही सटावर बसलं पाहिजे. हातानं फिरवून केलेल्या भांड्यांत ही किती अवघड गोष्ट आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिनं त्यासाठी पाच महिने घातले होते. बारा दिवसांनी तिची अंतिम परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते. शिवाय तिला दक्षिणेतल्या एका मोठ्या स्टुडिओत वर्षभर शिकायला जायचं होतं, आणि त्यांनी एप्रिलच्या आत सगळ्या संचाचे फोटो मागवले होते.

"काय गं, धापा का टाकतेस?" तिनं विचारलं.

"काही नाही. काटा कितीवर आला?"

"दोनशे. आज नाही उघडायची. उद्या सकाळी नऊला. तू पण ये, तुझा चंबू आहे ना आत?"

चंबू माझ्या पिशवीत होता. दोन तुकड्यांत.

"हो," मी म्हटलं. "येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा मी मागे, खांबाला टेकून उभी होते. विभागप्रमुख दातारबाई आल्या होत्या. कौसरताईनं पहिला सट उचलला, उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत केसासारखी रेघ. तो खाली ठेवून दुसरा उचलला. त्याचा तळ फळीवरच राहिला. तिसरा. चौथा. ती प्रत्येक सट काढत होती, बघत होती आणि जमिनीवर ओळीनं मांडत होती. छत्तीसपैकी पाच शाबूत दिसले, पण टिचकी मारल्यावर त्यांचाही आवाज बद्द आला.

"ही गरम असताना उघडलीय," दातारबाई म्हणाल्या. "जयवंत, किल्ली कोणाकडे होती?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माज्याकडंच हुती की."

"तुम्ही उघडली?"

"न्हाई बाई. म्या न्हाई उगडली."

"मग?"

मामांनी कमरेचा जुडगा चाचपला. ते गेली सात वर्षं हंगामी होते, आणि त्यांना कायम करायचा प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला होता. हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. दातारबाईंनी "उद्या लेखी द्या मला" म्हटलं आणि त्या निघून गेल्या. मीही निघाले. त्या दिवशी मी कुठे कुठे फिरले ते आता आठवत नाही. एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं. कॉलेज, वसतिगृह, पोवई नाका, पुन्हा कॉलेजचं फाटक, पुन्हा मागे. संध्याकाळी एसटीडी बूथवरून आण्णांना शाळेच्या शेजारच्या दुकानात फोन लावला.

"काय म्हणाले गुर्जर सर?" आण्णांनी पहिला प्रश्न केला.

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे? अर्ज भरलास का? पेंटिंग लिही आणि मोकळी हो."

"आण्णा, माझ्या हातून एक चूक झालीय."

पलीकडे दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "कोण आहे तो?"

"अहो, तसलं काही नाही. मी भट्टी उघडली."

"कसली भट्टी?"

"मातीकामाची. गरम होती. उघडायची नव्हती."

आण्णांनी जरा विचार केला. "मग बंद कर," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. मला हसूही आलं आणि बूथच्या काचेला कपाळ टेकून मी रडलेही. बूथवाल्या काकूंनी बिल फाडून पुढे सरकवलं.

शनिवारी सकाळी शेडमध्ये गेले. कौसरताई एकटीच होती. फुटलेले सट जमिनीवर तसेच ओळीत होते आणि ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होती. मी तिच्या समोर उभी राहिले, मग उभं राहणं बरं दिसेना म्हणून बसले.

"मी उघडली," मी म्हटलं. "गुरुवारी दुपारी. मला माझा चंबू हवा होता."

"माहीताय."

"कसं?"

"खालच्या फळीवर त्याची जागा मोकळी होती. मी काल दार उघडल्या उघडल्याच पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. "मी बोलले असते तर तू नुसतं हो म्हणाली असतीस. मला बघायचं होतं, आपणहून किती दिवसांनी येतेस. मामांना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्यापुढं काय बसलीस? आधी तिकडं जा."

मामा कोठीत माती चाळत होते. मी सांगितलं. त्यांनी चाळण खाली ठेवली आणि माझ्यावर असे ओरडले की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. "तुला म्हनलं हुतं का न्हाई, कुटं हात लावू नगं म्हनून? माजी सात वरसं गेली असती की गं पोरी!" मग धोतराला हात पुसून म्हणाले, "चल बाईंच्याकडं. म्होरं चाल, माज्या मागं लपू नगं."

दातारबाईंनी माझे मातीकामाचे सगळे गुण काढून घेतले आणि तो विभाग पुढच्या वर्षी पुन्हा करायला लावला. मामांचं लेखी त्यांनी माझ्यासमोर फाडलं. पण शिक्षा सांगून झाल्यावर म्हणाल्या, "कौसरकडे दहा दिवस आहेत. एवढ्यात छत्तीस होणार नाहीत, पण काही होतील. तिला माती मळून द्यायला माणूस लागेल. तू जा. ती हाकलेल. तरी जा."

तिनं हाकललं नाही. माझ्याशी बोलली नाही, एवढंच. मी माती मळायचे, ती चाकावर बसायची. पहिल्या दिवशी तिनं चार सट फिरवले आणि चारही मोडून टाकले. दुसऱ्या दिवशी तसंच. सोमवारी दुपारी तिनं आपली वही भिंतीवर फेकली.

"काय झालं?" मी विचारलं.

"जमत नाही. वहीत मापं आहेत, पण तो काठ येत नाही. पाच महिन्यांत करता करता मी काठ बदलत गेले. हातानं. लिहिलं नाही कुठं. आता हाताला आठवत नाही."

मी तिची वही उचलली. झाकण बसतं त्या जागी आतून एक छोटी पायरी होती, कौसरताई तिला खाच म्हणायची. वहीत ती सरळ होती. मी जमिनीवरचं एक फुटकं खापर उचललं. मध्यभागातून उभं फुटलं होतं, त्यामुळे आतली जाडी वरपासून खालपर्यंत दिसत होती. अखंड भांड्यात ती कधीच दिसली नसती.

"वहीत खाच सरळ आहे," मी म्हटलं. "इथे ती आत झुकलीये. बघ. आणि खाली भिंत जाड होतेय, मग पुन्हा पातळ."

ती चाकावरून उठून आली. खापर हातात घेऊन अंगठ्यानं कड चाचपली. "काढ बरं हे कागदावर," ती म्हणाली.

मी बसले आणि काढलं. छान काढलं. एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूनं सावली, चकाकीची जागा कोरी. अर्ध्या तासानं तिला दाखवलं. तिनं तो कागद बाजूला सारला.

"हे चित्र आहे. मला चित्र नको. भिंत कुठं किती जाड आहे ते सांग. खाच किती झुकलीय ते सांग."

मला राग आला. मग राग गेला, कारण तिचं म्हणणं खरं होतं. सुतारकामाच्या शेडमधून मी जाडी मोजायचा कॅलिपर मागून आणला. वायरमनच्या डब्यात डाग द्यायची मऊ तार सापडली. ती खापराच्या कडेवर दाबून बसवली की बरोब्बर त्याचा आकार घ्यायची. मग ती अलगद कागदावर ठेवून बाजूनं रेघ ओढायची. मधोमध एक उभी रेघ. डावीकडे भांडं कापल्यावर आतून कसं दिसेल ते, जाडीसकट, काळं भरलेलं. उजवीकडे तेच भांडं बाहेरून. शिसपेन्सिलीची रेघ फुटत होती, म्हणून अक्षरलेखनाच्या वर्गात सोडून दिलेला माझा शाईचा पेन काढला. भाजल्यावर माती आकसते, तेव्हा प्रत्येक आकृती तेवढ्या पटीनं मोठी करून दुसऱ्या कागदावर पुन्हा काढायची. कौसरताईला ओल्या मातीची मापं लागणार होती.

पहिली आकृती तिच्या समोरच्या भिंतीला चिकटवली. तिनं चाक सुरू केलं. कागदाकडे बघत, कॅलिपर लावत, तिनं एक सट उभा केला. मोडला नाही.

"आणखी काढ," ती म्हणाली. "सगळ्यांचे. प्रत्येक वेगळा आहे. त्यातला मधला कुठला ते मला बघायचंय."

एकतीस फुटलेले सट, त्यांची झाकणं. मी सकाळी आठला बसायचे. मामा जेवायला जाताना म्हणायचे, "अगं, उठ की, काय मुळं फुटली का तुला?" तेव्हा कळायचं की दुपार झाली. एक दिवस त्यांनीच मला दाखवलं, "तुजा पाय हालायचा थांबला बग." मी खाली पाहिलं. पाय खरंच स्थिर होता. आणि कुणी ते पाहिलं याची मला लाज वाटली, का ते कळलं नाही.

आमच्यात बोलणं असायचं ते एवढंच: "सतराव्याची खाच?" "दोन सूत खोल." "अठराव्याची?" "तेवढीच, पण कड गोल." एकदा चुकीचं माप सांगितलं. तिनं फिरवलेला सट मोडायला लागला. मी सॉरी म्हणाले.

"सॉरी म्हणू नकोस," ती म्हणाली. "पुन्हा मोज."

बारा सट उभे राहिले. शेडच्या पत्र्याखाली मार्चच्या उन्हानं ते दोन दिवसांत वाळले. वेळ नव्हता म्हणून कच्च्यावरच झिलईचा लेप देऊन एकदाच भाजायचं ठरलं. भट्टी लावली त्या दिवसापासून ती उघडेपर्यंत मामा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. जेवणही तिथेच मागवलं. मी भट्टीच्या बाजूला फिरकले नाही. बारापैकी नऊ चांगले निघाले.

परीक्षेला पुण्याहून एक वयस्कर परीक्षक आले होते. टेबलावर नऊ सट आणि बाजूला त्यांची नऊ झाकणं. मागच्या भिंतीवर दातारबाईंनी माझे कागद लावायला सांगितले होते, सगळे. परीक्षकांनी एकेक झाकण उचलून भलत्याच सटावर ठेवून पाहिलं. बसलं. दुसरं बसलं. सातवं डुगडुगलं.

"हे?"

"ते घाईत झालं सर," कौसरताई म्हणाली. "चूक माझी."

ते मान हलवून पुढे गेले. मग भिंतीसमोर थांबले. बराच वेळ थांबले. "ही कोणी काढली?"

"भट्टी कोणी उघडली ते तुम्हाला बाईंनी सांगितलं असेल," कौसरताई म्हणाली. "तिनंच काढली."

मी दाराशी होते. त्यांनी मला बोलावलं. "उत्खननात खापरं सापडतात ना, त्यांच्या आकृत्या अशाच काढतात," ते म्हणाले. "डावीकडे छेद, उजवीकडे बाहेरचं अंग. तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही सर. तिला जाडी हवी होती."

कौसरताई पास झाली, दुसऱ्या वर्गात. स्टुडिओवाल्यांनी नऊ सटांचे फोटो परत पाठवले. पुढच्या वर्षी संपूर्ण संच घेऊन पुन्हा अर्ज करा, असं लिहिलं. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि ती जाऊ शकली नाही. नंतरही नाही. हे माझ्यामुळे झालं का, याचं उत्तर मी अनेक वेळा दोन्ही बाजूंनी काढून पाहिलंय.

दातारबाईंनी त्या परीक्षकांकडून उत्खनन करणाऱ्यांचा पत्ता मिळवून पत्र लिहिलं आणि पुढच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा एका उत्खननावर गेले. तिथून आजपर्यंत मी खापरांच्या आकृत्याच काढतेय. आमच्या कॉलेजात या कामाची शाखा नव्हती. अर्जावर शेवटी मी उपयोजित कला लिहिलं, कारण शाईची रेघ तिथे शिकवत. आण्णा पाहुण्यांना अजूनही मुलगी पेंटर आहे असंच सांगतात.

पण ते सगळं पुढचं. परीक्षेच्या दिवशी सगळे गेल्यावर कौसरताई वर्तमानपत्रात सट गुंडाळत होती. मी भिंतीवरचे कागद उतरवले आणि तिच्यापुढे धरले.

"तुझे आहेत," मी म्हटलं.

"मला छत्तीस करायचे होते," ती म्हणाली. "नऊ झाले. त्यातलं एक झाकण हलतं. म्हणजे आठच धरायचे."

मी कागदांच्या कडा जुळवल्या.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग तुझी परीक्षा संपली की कराडला ये. घरी चाक आहे. माती मळायला माणूस नाही आणि ते कागद मला एकटीला वाचता येत नाहीत."

"किती दिवस?"

"अठ्ठावीस होईपर्यंत."

एप्रिलच्या शेवटी मी गेले. कृष्णेच्या बाजूला, बोळात त्यांचं घर होतं. पुढे तिच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे पत्र्याची पडवी. पहिल्या आठवड्यात तिच्या आईनं मला दोनदा विचारलं, "तू तिची मैत्रीण का गं?" दोन्ही वेळा कौसरताईनं आतून उत्तर दिलं, "नाही अम्मी, कामाला आलीय." तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, आता माझा पाय हलेल, आता मला घरी जावंसं वाटेल. वाटलंही. एके सकाळी मी पिशवी भरून दारापर्यंत आले. मग आठवलं की एकविसावा सट अजून ओला आहे आणि त्याचा काठ मोजायचा राहिलाय. मी पिशवी खिळ्याला अडकवली आणि आत गेले.

शेजारच्या गावात एका कुंभाराची भट्टी होती, तिथे आम्ही ते भाजून आणले. दोन खेपा झाल्या. चाळीस दिवस लागले. शेवटच्या दिवशी भल्या पहाटे, अंधारातच, तिनं अंगणात सगळे छत्तीस मांडले. झाकणं टोपलीत घालून हलवली, आणि न बघता एकेक काढून समोर येईल त्या सटावर ठेवत गेली. मी उभी होते. पस्तीस बसली. छत्तिसावा सट रांगेत होता, पण टोपली रिकामी होती.

"एक झाकण कुठंय?" तिनं घराकडे तोंड करून विचारलं. "अम्मी! मांडताना एक सट पण जड लागला."

तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली. "झाकण आत आहे, धुऊन ठेवलंय. काल त्यात दही लावलं मी."

"त्यात? अम्मी, फोटो काढायचेत अजून! तुला विचारता येत नव्हतं?"

"मग केलेत कशाला इतके?" म्हणत आई वाकली, तिनं तो सट उचलला आणि पायरीवर आणून ठेवला.

दही घट्ट लागलं होतं. चमचा उभा राहील असं. कौसरताई त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तीन वाट्या घेऊन आली. तिनं आईला वाढलं, स्वतःला घेतलं, आणि तिसरी वाटी काठोकाठ भरून माझ्यापुढे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "आणि संध्याकाळच्या गाडीनं जा."